सुरक्षित जागेवरून

हिटलर सत्तेवर येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा डीट्रिश बॉनहोफर हा तरुण जर्मन पाळक लंडनमधल्या जर्मन मंडळ्यांची सेवा करायला निघून गेला. नाझी विचार चर्चमध्येही शिरला होता. ज्यू वंशाच्या पाळकांना दूर करणारा नियम प्रशियाच्या चर्चने सप्टेंबर १९३३ मध्ये मंजूर केला होता. बॉनहोफरने विरोध केला, पण साथ फारशी मिळेना, तेव्हा तो वैतागला. धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्टने त्याला पत्रातून खडसावलं: तुझ्या चर्चच्या घराला आग लागलीय, पुढच्या जहाजाने परत ये, फार तर त्याच्या पुढच्या. गंमत अशी की बार्ट स्वतः स्विस. दोन वर्षांनी बॉन विद्यापीठातून त्याची नोकरी गेली आणि तो बाझेलला, म्हणजे आपल्या घरी गेला. परत ये म्हणणाऱ्याचं घर नेमकं कुठे आहे, हेही बघावं लागतं!

बॉनहोफर १९३५ मध्ये परतला. पुढे त्याची पाळकांना शिकवणारी शाळा गेस्टापोने बंद केली, आणि त्याच्या वयाच्या पुरुषांवर लष्करभरतीची वेळ आली. अमेरिकेतल्या मित्रांनी हालचाल केली. त्यांतल्या धर्मशास्त्रज्ञ राइनहोल्ड नीबुरच्या प्रयत्नांनी जून १९३९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत पोहोचला. राहायला खोली होती, जर्मन निर्वासितांमध्ये करायला काम होतं, जिवाला धोका नव्हता. तरी त्याच्या डायरीत सगळी तगमगच दिसते. जर्मनीहून बातमी येत नाही, एका श्रीमंत चर्चमधलं प्रवचन बेगडी वाटतं. ते निर्वासितांचं काम एकदा घेतलं की परतीची वाट कायमची बंद होणार, हेही त्याला कळत होतं. २० जूनला त्याने नकार कळवला.

त्या दिवशी डायरीत त्याने जे लिहिलं, ते फार प्रामाणिक आहे. आपल्या कुठल्याच निर्णयामागचा हेतू आपल्याला कधी पुरता कळत नाही, अशी त्याची कबुली आहे. हौतात्म्याची तयारी करणारा माणूस असं लिहीत नाही. काही दिवसांनी बायबल वाचताना पौलाने तीमथ्याला केलेली विनंती त्याच्यासमोर आली, हिवाळ्याआधी येऊन पोहोच म्हणून. ती दिवसभर त्याच्या डोक्यातून गेली नाही.

नीबुरला मात्र त्याने सरळ कारण लिहिलं. या काळातले हाल आपण देशबांधवांसोबत सोसले नाहीत, तर युद्धानंतर जर्मनीतलं ख्रिस्ती जीवन पुन्हा उभारण्यात भाग घेण्याचा आपल्याला हक्क उरणार नाही. शिवाय, आपल्या राष्ट्राचा पराभव व्हावा असं इच्छिण्याची वेळ जर्मन ख्रिस्ती माणसावर येणार आहे. काय निवडायचं ते आपल्याला ठाऊक आहे, पण ती निवड सुरक्षित जागी बसून करता येणार नाही.

जुलैत तो जहाजावर चढला. सप्टेंबरात युद्ध पेटलं. हिटलरविरोधी कटातल्या लोकांशी त्याचा संबंध आला, एप्रिल १९४३ मध्ये अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं. जर्मनीची शरणागती त्यानंतर महिनाभरातच आली.

या शेवटामुळे त्याचं पत्र आज आज्ञेसारखं वाचलं जातं: गेला तो पळपुटा, थांबला तो खरा. हे चूक आहे. त्याच युनियन सेमिनरीत जर्मन धर्मशास्त्रज्ञ पॉल टिलिख होता. त्याची फ्रँकफुर्टची प्राध्यापकी नाझींनी १९३३ मध्येच काढून घेतली होती. तो परतला नाही. युद्धकाळात अमेरिकेहून रेडिओवर जर्मन श्रोत्यांसाठी शंभरावर भाषणं त्याने लिहिली. जर्मनीत राहून असं बोलणं अशक्यच होतं.

आणि बॉनहोफरच्या स्वतःच्या घरातच याहून ठळक उदाहरण होतं. त्याच्या जुळ्या बहिणीचा, झाबिनचा नवरा गेरहार्ड लाइबहोल्त्स ज्यू कुळातला होता. १९३८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला निसटलं, तेव्हा त्यांना मदत करणाऱ्यांत बॉनहोफर स्वतः होता. स्वतःला लावलेली अट त्याने त्यांना लावली नाही. लाइबहोल्त्स युद्धानंतर जर्मनीत परतला आणि १९५१ ते १९७१ अशी वीस वर्षं देशाच्या घटना न्यायालयाचा न्यायाधीश होता.