भोंगा थांबल्यानंतरचे देणे

वऱ्हाड ही सोन्याची कुऱ्हाड, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. त्यातले सोने म्हणजे कापूस, हे वऱ्हाडी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. या कापसाच्या बळावर अकोला, बडनेरा आणि अचलपूर येथे कापडाच्या मिल उभ्या राहिल्या, पाळ्यांमागून पाळ्या चालल्या आणि एकेक करून थांबल्या. (आमच्याकडे गिरणी म्हटली की ती पिठाची, कापडाची ती मिलच.) या मिलचा सविस्तर इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. मला पडलेला प्रश्न नीतीचा आहे. मिल थांबते तेव्हा मालक कामगाराचे काय देणे लागतो? आणि पैसा चुकता केला म्हणजे ते देणे फिटते काय?

तरीही थोडा इतिहास सांगितल्यावाचून प्रश्नाचे वजन कळणार नाही. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० साली खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्‌घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका कापसाच्या बाजारपेठेसाठी राजप्रतिनिधीने एवढा प्रवास करावा, यावरून त्या कापसाचे मोल ध्यानात यावे. गावोगाव जिन आणि प्रेस निघाले. सरकी वेगळी झाली, रुईच्या गठाणी बांधल्या गेल्या, मालगाडीत चढल्या आणि मुंबई बंदरातून समुद्रापार गेल्या. परत आले ते कापड, आणि आपल्याच शिवारातल्या कापसाच्या त्या विलायती कापडापुढे येथला हातमागावरचा कोष्टी हरला.

या उलट्या प्रवासाला पहिले ठोस उत्तर नागपुरात मिळाले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. मुंबई सोडून त्यांनी नागपूर निवडले, त्याचे एक मोठे कारण हेच की कापूस हाताशी होता. पुढे वऱ्हाडातही मिल निघाल्या : बडनेऱ्याची विजय मिल, अकोल्याच्या सावतराम आणि मोहता मिल, अचलपूरची विदर्भ मिल. ज्या मातीत बोंड फुटते त्याच मातीत सूत निघावे आणि तेथेच कापड विणले जावे, हा विचार व्यापाराचा खरा. पण त्यात एक न्यायही होता.

मिलने गावाचा स्वभाव पालटला. शेतकऱ्याचा दिवस सूर्याबरोबर उगवतो आणि त्याचे वर्ष मृगाबरोबर सुरू होते. मिलकामगाराचा दिवस भोंग्याबरोबर उगवू लागला. पाऊस पडो न पडो, महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार हाती येणे, ही कोरडवाहू मुलखातील माणसाला केवढी नवलाची गोष्ट वाटली असेल, याची कल्पना बागाईत प्रदेशातल्या वाचकाला कदाचित येणार नाही. त्या पगारावर किराणा दुकानदार उधारी देई, शाळेची फी भरली जाई, सोयरीक जुळवताना मुलगा मिलमध्ये कायम आहे की बदली याची चौकशी होई. रात्रपाळीहून परतणारा आणि पहाटपाळीला निघालेला असे दोघे रस्त्यात भेटत. परस्परांचे धर्म आणि जाती ठाऊक असूनही त्या भेटीत एक बरोबरी असे.

मात्र या बरोबरीचे गोडवे फार गाऊ नयेत. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणाई खात्यात येऊ दिले जात नसे, ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वारंवार मांडली होती. ज्या अमरावतीत १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाची चळवळ उभी करावी लागली, त्या परिसराच्या मिल जातिभेदापासून अगदी मुक्त राहिल्या असतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय खात्यातील उष्मा, हवेत तरंगणारे तंतू, छातीत भरणारा खोकला हेही त्याच पगाराबरोबर घरी येत होते. मिल म्हणजे स्वर्ग नव्हता. तरीही तो हरपल्यावर माणसे रडली, याचा अर्थ शोधला पाहिजे.

१९७४ साली केंद्र सरकारने कायदा करून १०३ आजारी कापडगिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. अकोल्याच्या आणि अचलपूरच्या मिल त्यात होत्या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ मालक झाले. खासगी मालक गेला आणि सरकार आले, आता मिल बुडणार नाही, अशी कामगारांची समजूत झाली असल्यास तिला दोष देता येणार नाही. परंतु जुनी यंत्रे, यंत्रमागाची स्पर्धा, कृत्रिम धागा आणि दिल्लीतून होणारा कारभार यांपुढे ती समजूत टिकली नाही. इकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणगाव मोडले. पुढे २००५ मध्ये महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. कोहिनूरची जागा ४२१ कोटींना आणि मुंबई टेक्स्टाइलची ७०२ कोटींना गेली. अशा विक्रीच्या पैशातून इतर गिरण्यांचे आधुनिकीकरण करावयाचे, अशी योजना होती. याच काळात लालबाग-परळच्या फिनले मिलचे नाव वऱ्हाडात आले आणि अचलपूरला नव्या यंत्रांची मिल उभी राहिली. म्हणजे परळच्या कामगारांच्या घामाने ज्या जमिनीला किंमत आली, तिच्या पैशातून शेकडो मैलांवर दुसऱ्या कामगारांच्या हाताला काम मिळावयाचे होते. हिशेब कागदावर चांगला होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, महामंडळाच्या सर्वच गिरण्या थांबल्या, आणि टाळेबंदी उठल्यावरही अचलपूरच्या फिनलेचा भोंगा पूर्वीसारखा वाजला नाही. कामगारांना अर्धे वेतन देण्यात येऊ लागले.

आता या अर्ध्या वेतनापाशी थांबू. व्यवहारी माणूस म्हणेल, काम नाही आणि तरी अर्धा पगार, यात तक्रारीला जागा कोठे आहे? मिलमध्ये आयुष्य घालविलेल्या एका गृहस्थांना मी साधारण असेच विचारले होते. ते म्हणाले, “फादर, पैशे तं भेटते अर्धे, पन सकायी उठून जावाव कुठी?” या प्रश्नाला सेमिनरीत शिकविलेल्या नीतिशास्त्रात तयार उत्तर नाही, पण शुभवर्तमानात त्याची दिशा आहे असे मला वाटते.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण सर्वांनी पुष्कळदा ऐकला आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील हा दाखला आम्ही धर्मगुरू बहुधा देवाच्या कृपेविषयी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यातील मळ्याचा धनी काय करतो ते नीट पाहावे. तो पहाटे बाजारात जातो, नंतर तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाला जातो आणि दिवस कलताना, घटकाभराचे काम उरले असता पुन्हा जातो. तेथे उभ्या असलेल्यांना तो रिकामे राहण्याचे कारण विचारतो. त्यांचे उत्तर साधे आहे : आम्हांला कोणी कामावर लावले नाही. या ठिकाणी धन्याला एक सोपी गोष्ट करता आली असती. कारभाऱ्याच्या हाती प्रत्येकी एक दीनार बाजारात पाठवून दिला असता तर माणसांची पोटे भरली असती आणि धन्याचे औदार्यही दिसले असते. तो तसे करीत नाही. एका तासासाठी का होईना, तो त्यांना मळ्यात पाठवितो, आणि मग पूर्ण मजुरी देतो. काम आणि वेतन या दोन्ही गोष्टी तो त्यांच्या हाती ठेवतो. आपण मात्र हल्ली एकतर कामावाचून अर्धे वेतन देतो, किंवा कंत्राटी पद्धतीत पूर्ण कामाचे अर्धे वेतन देतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकात हीच गोष्ट तत्त्वज्ञाच्या भाषेत मांडली. श्रम हे केवळ पोट भरण्याचे साधन नव्हे. श्रमातून माणूस अधिक माणूस होतो. म्हणून श्रमाचे स्थान भांडवलाच्या आधी. त्यांनी ‘अप्रत्यक्ष मालक’ ही एक कल्पनाही मांडली. वेतनपत्रकावर ज्याची सही असते तो प्रत्यक्ष मालक. पण त्याचे हात ज्या धोरणांनी, कायद्यांनी आणि जागतिक व्यापाराने बांधलेले असतात, ती सगळी व्यवस्था म्हणजे अप्रत्यक्ष मालक, आणि तिच्यावरही न्यायाचे उत्तरदायित्व आहे. वऱ्हाडच्या मिलचा विचार करताना ही कल्पना फार उपयोगी पडते. येथे व्यवस्थापक म्हणतो, हुकूम वरून येईल. वरचा म्हणतो, मंत्रालय ठरवील. मंत्रालय म्हणते, तोटा पाहा.

तोट्याचा मुद्दा खोटा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. कामगारांच्या बाजूने बोलताना आपण ही अडचण टाळतो आणि मग आपले बोलणे प्रवचनापुरते उरते. मिल सरकारी असेल तर तिचा तोटा लोकांच्या पैशातून भरून निघतो, आणि त्या लोकांत अकोट-दर्यापूरकडचा कर्जात रुतलेला कापूस उत्पादकही येतो. ज्याच्या बोंडावर हा सारा डोलारा उभा राहिला, त्याचे नाव मिलच्या हजेरीपटावर कधीच नव्हते. मिल चालली तेव्हा त्याला कोणी भागीदार केले नाही आणि बंद पडली तेव्हा त्याला नुकसानभरपाईचा अर्ज दिला नाही. उन्हात ओटीत कापूस वेचणाऱ्या बाईचे तर नावच घेऊ नका; तिची मजुरी आजही तराजूवर ठरते. तेव्हा अशा शेतकऱ्याच्या खिशातून बुडती मिल अखंड चालवीत राहणे हाच न्याय, असे मला म्हणता येत नाही. मिल बंद करण्याचा निर्णय कधीकधी नीतीला धरून असू शकतो.

अन्याय मला दिसतो तो दुसरीकडे : मिल ना चालू, ना बंद, अशी लोंबकळत ठेवण्यात. बंद झाली असे जाहीर झाले तर कामगाराचा हिशेब होतो, फंड आणि ग्रॅच्युइटी हाती पडते, चाळिशीतला माणूस दुसरी वाट धरतो. चालू असेल तर तो पाळीवर जातो. पण मिल अधांतरी राहिली की माणूसही अधांतरी राहतो. दूरच्या शहरात काम धरावे तर उद्या मिल सुरू झाल्यास हक्क जाण्याची धास्ती. न धरावे तर मुलाच्या शिक्षणाची वर्षे निघून जातात. येथे त्याचा पैसा जितका बुडतो त्याहून अधिक त्याचे आयुष्य बुडते, आणि ते कोणत्याही खात्यात जमा होत नाही. अनुवादाच्या ग्रंथात मोशेचे नियमशास्त्र मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देण्यास सांगते. रक्कम किती हे तेथे सांगितलेले नाही, मुदत मात्र सांगितली आहे. गरीब माणूस त्या मजुरीवर डोळे लावून बसलेला असतो, हे त्याचे कारण. मला वाटते, जे मजुरीचे तेच निर्णयाचे. ज्याच्या शब्दावर शेकडो घरे डोळे लावून बसली आहेत, त्याने शब्द देण्यास वर्षानुवर्षे लावणे हे मजुरी अडकवून ठेवण्यासारखेच आहे. आणि अडकविलेल्या मजुरीचा आक्रोश कोठवर पोचतो ते याकोबाने आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे.

आपल्या धर्मशिक्षणात दयेची शारीरिक कृत्ये मुलांकडून पाठ करून घेतली जातात : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आणि तशीच पुढची. याच अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या, कोणत्याही सेमिनरीत न गेलेल्या गाडगेबाबांनी आपला देव कोठे आहे हे सांगताना जवळजवळ तीच यादी दिली. अन्न, पाणी, वस्त्र, आसरा, औषध. पण त्यांच्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या पाठांतरात नाही. बेकाराला रोजगार. खराटा हाती घेऊन गावोगाव फिरणाऱ्या त्या पुरुषाला श्रम हे अन्नपाण्याच्याच पंक्तीला बसविण्यासारखे वाटले. पहिल्या प्रथम हे लक्षात आले तेव्हा मी बराच वेळ विचार करीत राहिलो. दयेच्या कृत्यांत काम देणे का नसावे? कदाचित काम ही दया नसून हक्क आहे म्हणून नसेल. हे उत्तर शास्त्राला धरून आहे. आमच्या धर्मग्रामांत ते हक्क म्हणून तरी कितीदा उच्चारले जाते, हा प्रश्न उरतोच.

आता अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे सुमारे १००० एकरांवर पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान होऊ घातले आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या समारंभातून पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. शेतापासून धाग्यापर्यंत आणि धाग्यापासून तयार कपड्यापर्यंत सारे एके ठिकाणी, अशी त्यामागील कल्पना आहे. एम्प्रेस मिलच्या वेळचा विचार तो हाच. वऱ्हाडातील तरुणांनी त्याचे स्वागत करावे आणि तेथे जावे, असे मलाही वाटते. फक्त नेमणुकीचा कागद हाती येईल तेव्हा त्यांनी, आणि त्यांच्या वतीने आम्ही वडीलधाऱ्यांनी, तो शेवटच्या पानापर्यंत वाचावा. पगार किती, पाळी कोणती, रजा किती, हे पहिल्या पानावर असतेच. काम थांबले तर किती दिवसांत, कोणी आणि कोणत्या तोंडाने ते सांगावयाचे, याविषयी त्या कागदात एखादे कलम आहे काय, ते पाहावे. आणि नसेल तर सही करण्यापूर्वी विचारावे.