चार हात जमीन

मोटरसायकल चालवणाऱ्याने अहिंसेची गोष्ट करावी का? हसू आलं तर येऊ द्या. छत्तीसगडमधल्या आमच्या कोहक्याहून डोंगरगडला जायला सरळ हायवे आहे, पण शनिवारी निघून रविवारी परतायचं असेल तर मी आणि माझा मित्र दुर्गहून नागपुऱ्याला वळतो आणि जालबांधा, खैरागड असं आडवाटेने जातो. शिवनाथ नदी ओलांडली की दोन्हीकडे धानच धान. दिवेलागणीला हेडलाइट लावला की त्या धानातून पाखरं उठतात आणि प्रश्न थेट तोंडावर आदळतो. खैरागडला चहाला थांबून हेल्मेटची काच पुसावी, तर पंखांचा चुरा, हिरवट चिकट डाग आणि एखादा पाय अजून हलणारा. फडक्याने निघत नाही, नखाने खरवडावं लागतं.

या वाटेच्या सुरुवातीला नागपुऱ्याचं पार्श्वनाथ तीर्थ आहे आणि शेवटी डोंगरगडची चंद्रगिरी. चंद्रगिरीवर १८ फेब्रुवारी २०२४ रोजी दिगंबर जैन आचार्य विद्यासागरांनी सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचं व्रत, घेऊन देह ठेवला. बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्यात १९४६ साली जन्मलेला हा माणूस १९६८ मध्ये अजमेरला मुनी झाला. त्यानंतर गावोगाव फिरला तो अनवाणी, पायीच. दिगंबर मुनी वाहनात बसत नाहीत. चालताना पुढची चार हात जमीन पाहत पाऊल टाकायचं, ही त्यांची ईर्यासमिती. पावसाळ्यात जमिनीवर जीव वळवळतात म्हणून चार महिने मुक्काम हलवायचा नाही. आणि आम्ही गाडी काढतो ती नेमकी त्याच चार महिन्यांत, कारण तेव्हाच हा मुलूख बघण्यासारखा असतो!

माझा मित्र बौद्ध, घर मूळचं भंडाऱ्याकडचं. तो म्हणतो, ‘अरे, चेतना म्हणजेच कर्म. पाखरू मारायचं तुझ्या मनात होतं का? मग सोड ना!’ मुद्दा वजनदार आहे, मात्र मला तो जरा सोयीचा वाटतो. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना बोट ठेवलं ते प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर. हेतू नव्हता एवढ्यावर तिथे सुटका नाही. सावध होतास का, हे विचारलं जातं. ताशी साठच्या वेगात चार हात जमीन सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात मागे पडते. तेवढ्यात डोळा काय बघणार आणि हात ब्रेक काय दाबणार? म्हणजे आपण असा वेग निवडतो की सावध राहणं शक्यच उरत नाही, आणि वर म्हणतो, दिसलंच नाही. ही निवड मात्र पूर्ण शुद्धीत, हेतूपूर्वक केलेली असते.

मग गाडी विकावी? मुनींचा नियम मुनींना. गृहस्थासाठी जैनांनी दिग्व्रत सांगितलं आहे: कोणत्या दिशेला किती लांब जायचं याची हद्द आधीच ठरवायची, म्हणजे हद्दीपलीकडे तरी आपल्यामुळे कुणाला इजा नको. मला ही कल्पना फार व्यवहारी वाटते. फिरणं बंद करा असं ती म्हणत नाही, फक्त कुठे थांबणार ते आधी बोला म्हणते. आम्ही हद्द अंतराची नाही, उजेडाची ठरवली. दुपारऐवजी सकाळी निघायचं, गावरस्त्यावर चाळीसच्या वर जायचं नाही आणि दिवा लावायची वेळ येण्याआधी डोंगरगडात पोचायचं. उडणारी पाखरं तरीही काही वाचत नाहीत, हे कबूल. पण रस्त्यावर आलेला बेडूक, आडवा जाणारा साप, मधोमध बसलेलं वासरू दिसतं, आणि दिसलं की थांबता येतं. मित्र अजून चेतनेवरच अडून आहे, पण सकाळी सहाला माझ्या दाराशी हॉर्न तोच वाजवतो.

पावसाळ्यात या वाटेने येणार असाल, तर तुम्हीही खैरागड दुपारीच सोडा.