पोखरलेली भेंडी

पोखरलेली भेंडी देवाला चालते का, हा प्रश्न मला आडुतुरैच्या गच्चीवर पडला. त्याचं उत्तर सोपं आहे : चालत नाही. किडकं, शिळं, वास घेतलेलं नैवेद्याला घ्यायचं नाही, हे मला आईनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. पण ज्या झाडावरची अळी मी चिमट्यानं काढून मारली, त्याच झाडाची धडकी भेंडी मात्र देवाला चालते. अळीचं काय केलंस, हे कुणी विचारत नाही. का विचारत नाही?

मी मोडनिंबची. सावतोबांचं अरण आम्हाला हाकेच्या अंतरावर. पंढरपूरला न जाता मळ्यातच ज्यांना पांडुरंग भेटला, ते हे माळी शके १२१७ मध्ये, म्हणजे १२९५ साली गेले. त्यांचे म्हणून जेमतेम ३७ अभंग आज उपलब्ध आहेत. मराठी शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा वाचले. मळा आहे, भाज्या आहेत, विठ्ठल तर आहेच; अळी काही मला भेटली नाही. सावतोबांच्या मळ्यात कीड पडत नसेल असं कसं म्हणू? पडत असणार, आणि ते तिचं काहीतरी करतही असणार. काय करत असतील, हे विचारावंसं मला फार वाटतं.

आता मी मुलीकडे, आडुतुरैला असते. ती इथल्या भात संशोधन संस्थेत आहे. संस्था १९२२ सालची. ‘एडीटी’ या अक्षरांनी सुरू होणारी भाताची वाणं इथलीच, आणि ती अक्षरं आडुतुरैचीच. गाव कुंभकोणमच्या पूर्वेला, मयिलाडुतुरैच्या रेल्वेमार्गावर. जिकडे बघावं तिकडे भात, त्यामुळे माझ्या वाट्याला घरमालकांची गच्ची आली. भेंडीला दिवसाचं सहा तास तरी ऊन लागतं. सूर्यनार कोविल, म्हणजे सूर्याचं देऊळ, शेजारी असलेल्या गावात ते कमी पडायचं काही कारण नाही.

रंगाचे वीस लिटरचे रिकामे डबे, त्यांना खालून भोकं. कावेरीकाठची काळी चिकणमाती एकटी भरली तर डब्यात विटेसारखी होते, म्हणून तिच्यात नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कुजलेलं शेणखत. भेंडीचं सोटमूळ सरळ खाली जातं, उपटून दुसरीकडे लावलेलं तिला आवडत नाही. बी रात्रभर भिजवायचं आणि जागच्या जागीच टोकायचं. इथे म्हण आहे, आडि पट्टम् तेडि विदै : आडि महिना गाठ आणि पेर. आपल्या आषाढ-श्रावणाच्या आसपासचा तो काळ. बी मी परभणी क्रांतीचं आणवलं होतं, मराठवाडा कृषी विद्यापीठानं १९८५ मध्ये दिलेलं वाण. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला, आपले शेतकरी ज्याला केवडा किंवा हळद्या म्हणतात त्याला, ते दाद देत नाही अशी त्याची कीर्ती. हा रोग देशात पहिल्यांदा नोंदला गेला तोही १९२४ मध्ये आपल्याच मुंबई इलाख्यात. म्हणजे रोग आपला आणि उताराही आपला, असा माझा अभिमान. मुलगी म्हणाली, आई, चाळीस वर्षांत रोगही शिकतो.

हिंसा सुरू होते ती अळीच्या कितीतरी आधी. प्रत्येक डब्यात दोन बिया टोकायच्या, दोन्ही उगवल्या तर अशक्त रोप कात्रीनं बुडाशी कापायचं. उपटायचं नाही, दुसऱ्याची मुळं दुखावतात. दोन पानांचं ते पोर, त्याचा गुन्हा एवढाच की शेजारचं बोटभर उंच निघालं. मग महिन्याभरात एखादा शेंडा भर सकाळी मान टाकतो. चिरून पाहिलं की आत ठिपक्यांची अळी, कापसावरची तीच बोंडअळी. भेंडी कापसाच्याच कुळातली. पुढे फुलं आली की ती कळीत शिरते, मग भेंडीत. त्यानंतर पांढरी माशी येते आणि तिच्या सोंडेतून केवडा.

मनूनं गृहस्थाच्या घरात पाच खाटिकखाने मोजले : चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी रोज जीव मरतात म्हणून रोज पंचमहायज्ञ करायचे. आमच्याकडे आजोबा वैश्वदेव करायचे ते याचसाठी. याच मनूनं दहाव्या अध्यायात शेतीवर मात्र नाक मुरडलं आहे; लोखंडी तोंडाचं लाकूड भूमीला आणि तिच्यातल्या जिवांना मारतं, म्हणून वरच्या वर्णांनी ती टाळावी. मला हा सगळा व्यवहार अप्रामाणिक वाटतो. नांगर दुसऱ्यानं धरायचा, धान्य आपण खायचं, आणि हात कुणाचे स्वच्छ, तर खाणाऱ्याचे! त्यापेक्षा महाभारतातला मिथिलेचा व्याध मला जवळचा. मांस विकणारा तो माणूस तपस्वी ब्राह्मणाला सांगतो की नांगरणारा कितीतरी जीव मारतो, धान्याच्या बीमध्येही जीव आहे, चालताना पायाखालीही मरतात. हिंसा न करणारा असा कोण आहे, मला दाखव. वनपर्वातला हा भाग मी वर्गात शिकवायची तेव्हा मुलं कंटाळायची. गच्चीवर अळी चिमट्यात धरून शिकवला असता तर कंटाळली नसती.

खाली राहणाऱ्या पाटी, म्हणजे आजी, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं आयुष्य कुरुवै आणि सांबा भातात गेलं, चिखलात उभं राहून. मी अळी मारायला कचरते हे त्यांना भारी गमतीचं वाटतं. त्यांच्या नातवाला शाळेत तिरुक्कुरळ आहे. त्यानं मला आपल्या मोडक्या इंग्रजीत समजावलं की वळ्ळुवरांनी तेहेतिसावा अधिकार, म्हणजे अध्याय, न मारण्यावर लिहिला आणि एकशेचारावा नांगरणीच्या थोरवीवर. एकाच पुस्तकात दोन्ही! मनूपेक्षा हे मला पटलं, शेतीला तिथे हलकं मानलेलं नाही. पण आणखी एका कुरळात क्रूर खुन्यांना दंड देणाऱ्या राजाला शेतातलं तण काढणाऱ्याची उपमा आहे, तिथे मी अडले. राजाचं ठीक. तणाचा काय अपराध? माझी अळी खुनी नाही. तिच्या आईनं भेंडीवर अंडी घातली, ती भेंडीवर जन्मली. तिच्या हिशेबी घुसखोर मीच. नातवानं हे पाटींना सांगितलं. पाटी म्हणाल्या, “अम्मा, घुसखोर असाल, पण पाणी तुम्ही घालता ना? मग झाड तुमचं.” आणि आत निघून गेल्या.

पाणी घालणाऱ्याचं झाड. वाद संपवायला चांगलं आहे, पण मला माउलींची धास्ती. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं जे विवरण आहे, त्यात ते आधी यज्ञवाल्यांना धरतात, मग वैद्यांना. एक जीव वाचवायला दुसऱ्या झाडाची मुळं खणायची, साल काढायची, कुणाला शिजवायचं. असली अहिंसा म्हणजे फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालणं. हे १२९० सालचं लिखाण, आणि नेमकं माझ्या तिसऱ्या डब्याबद्दल. परभणी क्रांती असूनही त्या झाडाला केवडा आला होता. या रोगाला औषध नाही. तो बियातून येत नाही, हातानं पसरत नाही. पांढरी माशी आजारी झाडाचा रस पिते आणि निरोग्या झाडावर जाऊन बसते, तेवढ्यानंच पसरतो. म्हणून झाड दिसताक्षणी काढायचं असतं. त्याची पानं पिवळ्या जाळीची झाली होती, पण फूल येणं थांबलं नव्हतं. फिकट पिवळं, मध्ये गर्द किरमिजी डोळा, सकाळी उमलून दुपारनंतर मिटणारं. मी ते फुलासकट उपटलं, पिशवीत बांधलं. बाकीची झाडं वाचली. माउलींच्या कसोटीवर हे कुंपणच आहे, मी कितीही वाद घातला तरी. त्या अध्यायापुढे मला जिंकता येत नाही आणि झाड ठेवणंही मला योग्य वाटत नाही. हे दोन्ही एकदम खरं मानून मी पुढे चालते.

सोलापूरची माझी जैन मैत्रीण या बाबतीत आमच्यापेक्षा तयारीची. त्यांच्यात हिंसेचे चार प्रकार : संकल्पी, म्हणजे मारायचं म्हणूनच मारलेलं, आरंभी, घरकामात होणारी, उद्योगी, पोटापाण्याच्या धंद्यातली, आणि विरोधी, हल्ला परतवताना झालेली. गृहस्थाला पहिली पूर्ण वर्ज्य. मी फोनवर विचारलं, चिमट्यानं अळी मारणं कशात बसतं? ती म्हणाली, मुद्दाम धरून मारतेस, म्हणजे पहिल्यातच. म्हटलं, फवारलं असतं तर? तरी पहिल्यातच, वर मधमाश्या फुकट. आणि बाजारातून आणली असती तर? तेव्हा तिनं दुसरी विभागणी काढली : कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, करवून घेतलेलं, दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं. तिन्ही बांधतात.

कंदमूळ न खाणाऱ्यांच्या अतिरेकावर मी पूर्वी खूप हसले आहे, पण हे तीन शब्द मात्र मला सगळ्या शास्त्रांतून आलेल्या पळवाटा बंद करणारे वाटतात. शेतकऱ्यानं केलं म्हणून आपण सुटलो नाही. बाटलीतल्या औषधानं केलं म्हणून सुटलो नाही. आणि विठ्ठलासमोर ठेवलं म्हणून तर नाहीच. आडुतुरैजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ आहे, २०११ साली त्याचा कुंभाभिषेक झाला. नामाचा महिमा सांगणाऱ्या बोधेंद्र स्वामींचं अधिष्ठानही त्याच गावात. तमिळ मंडळी तिथे आपले अभंग म्हणतात, आणि इतक्या दूर आलेल्या मला भरून येतं. त्या देवाला मी वाईट माणूस आहे असं कधीच वाटलेलं नाही; पण नैवेद्य म्हणजे पावती, असा हिशेब त्याच्या माथी मारायला मला लाज वाटते. देव पाप पोटात घालतो म्हणतात. घालेलही, पण ते मी आधी माझं म्हणून त्याला दाखवायला हवं.

तेव्हा एवढं ठरवलं : जे मारायचं ते स्वतःच्या हातानं, बघून, आणि त्यातही आधी टाळता येईल तेवढं टाळायचं. म्हणून यंदा मुलीनं सांगितल्यावर डब्यांभोवती बांबू रोवून बारीक जाळी लावली. पांढरी माशी बाहेर, पतंगही बाहेर. मधमाशी आत आली नाही तरी भेंडीचं अडत नाही, ती बहुतेक स्वतःच्याच परागानं फळते. कुणाची फांदी न तोडता घातलेलं कुंपण! माउलींना दाखवावं असं वाटलं. पेरणीनंतर दीडेक महिन्यात तोडा सुरू झाला. एकाआड एक दिवस तोडावीच लागते, नाहीतर निबर होते. आणि झाडावर एक जरी भेंडी बियांसाठी पिकू दिली तर झाड नवी धरायचं कमी करतं. त्याच्या दृष्टीनं काम झालेलं असतं. आपण ते होऊ देत नाही, म्हणून तर रोज भाजी मिळते. या फळाच्या त्यागाबद्दल गीतेवाल्यांशी कधीतरी बोलायला हवं, कारण इथे त्याग करायला लावणारी मी आणि करणारं झाड.

जाळीच्या आत मात्र मावा राहून गेला होता. बाहेर त्याला खाणारे ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या. त्या आत येऊ शकेनात. निर्धास्त मावा पानांखाली इतका माजला की शेंडे चिकट झाले. आता सकाळी मी जाळीची एक बाजू उचलून ठेवते आणि कढीपत्त्यावरचे ढालकिडे कागदावर घेऊन आत सोडते. एकेक ढालकिडा दिवसाला डझनावारी मावा फस्त करतो. मैत्रिणीला कळवलं, बघ, आता मी कुणालाच मारत नाही.

ती म्हणाली, “सुपारी दिलीस की गं. हे कारित.”

मुलीचं म्हणणं, निसर्गात जे आपोआप होणारच होतं त्यासाठी फक्त दार उघडलं. मैत्रिणीनं तेही मान्य केलं, म्हणाली, बरं, अनुमोदित धर. कारित की अनुमोदित, यावर आमचं अजून चालू आहे. भेंडी मात्र ती इकडे आली तेव्हा तिनं दोनदा मागून घेतली.