उसनी निद्रा

व्यसन या शब्दाचा संस्कृतांतील एक अर्थ संकट असा आहे. मराठींत तो अर्थ मागें पडला आणि हा शब्द दारू, जुगार, तंबाखू यांच्या पंक्तीला जाऊन बसला. वर्षानुवर्षें झोपेची गोळी घेणारा मनुष्य या दोन अर्थांच्या मधोमध कोठें तरी उभा असतो. त्याला व्यसनी म्हणावें, तर त्यानें चैनीसाठीं कांहींच केलेलें नसतें. रोगी म्हणावें, तर ज्या कारणासाठीं गोळी सुरू झाली तें कारण केव्हांच निघून गेलेलें असतें. पत्नीच्या निधनानंतरचे दोन महिने, मुलीच्या विवाहाची काळजी, एखादी शस्त्रक्रिया, एवढेंच निमित्त. आणि पंधरा दिवसांसाठीं लिहून दिलेली गोळी पंधरा वर्षें उशाशीं राहते. अशा मनुष्यानें ती सोडणें हें त्याचें कर्तव्य आहे काय, आणि ती न सुटली तर त्याला दोष द्यावा काय, हा प्रश्न केवळ वैद्यांचा नाहीं. औषधाची मात्रा त्यांनीं ठरवावी. दोषाची मात्रा ठरविण्याचा उद्योग मात्र घरोघर चाललेला असतो, आणि तो आम्हांस बहुधा चुकीच्या मापानें चाललेला दिसतो.

निद्रा विकत घेण्याची मनुष्याची हौस नवी नव्हे. १८६९ सालीं लीब्राइख या जर्मन शास्त्रज्ञानें क्लोरल हायड्रेट हें निद्राकारक म्हणून पुढें आणलें. १९०३ सालीं एमिल फिशर व फॉन मेरिंग यांनीं बार्बिटाल आणलें, आणि पुढें कित्येक वर्षें त्याच्याच घराण्यांतील गोळ्यांनीं युरोप-अमेरिकेंतील शयनगृहांवर राज्य केलें. या घराण्यांत झोप आणणारी मात्रा व प्राण घेणारी मात्रा यांतील अंतर थोडें. म्हणून १९६० सालीं लिब्रियम व १९६३ सालीं व्हॅलियम बाजारांत आलें तेव्हां सर्वांस हायसें वाटलें. स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंतून निघालेलीं हीं बेन्झोडायझेपीनें खरोखरच अधिक निर्धोक होतीं. पण निर्धोक म्हणजे सोडावयास सोपें असें नव्हे, हें उमगावयास पाव शतक लागलें. १९८८ सालीं ब्रिटनमधील औषधसुरक्षा समितीनें हीं औषधें दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊं नयेत असें बजावलें. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें परावलंबनाचा इशारा ठळक चौकटींत छापण्याची सक्ति केली ती २०२० सालीं. नव्या औषधाचें स्वागत जुन्याचे दोष सांगून करावयाचें, ही या बाजाराची जुनी रीत दिसते.

गोळीचें कार्य समजून घेतलें म्हणजे नैतिक प्रश्नावरील अर्धें धुकें विरतें. मेंदूंत गाबा नांवाचें एक द्रव्य आहे. मज्जापेशींची धांवपळ आवरणें हें त्याचें काम. गोळी या द्रव्याचा जोर वाढविते. पण मेंदू हा कांहीं निमूट सेवक नव्हे; बाहेरून मिळणारा लगाम नित्याचा झाला कीं तो आपला स्वतःचा लगाम सैल करितो. मग गोळी एकाएकीं थांबली तर दोन्ही लगाम सुटतात: मूळच्याहून दारुण जागरण, धडधड, कंप, अकारण भय, आणि क्वचित् अपस्मारासारखे झटकेही. येथेंच मनुष्य फसतो. दोन रात्री गोळीवांचून तळमळल्यावर तो म्हणतो, 'पाहा, मला गोळीशिवाय झोप येतच नाहीं.' वस्तुतः त्या तळमळींत त्याच्या स्वभावाचा वांटा थोडा व गोळीच्या जाण्याचा फार असतो. सावकाराचें व्याज फेडण्यासाठीं त्याच सावकाराकडून नवें कर्ज काढणाऱ्या कुळानें 'सावकार नसता तर माझें कसें झालें असतें!' म्हणावें, तशांतलाच हा प्रकार.

आतां आमच्या नीतिकल्पनांकडे वळूं. सोडणें या क्रियेविषयीं आपल्या समाजाची एक ठाम समजूत आहे: सोडावयाचें तें एका दिवसांत, पुरतें, व मागें वळून न पाहतां. काशीस जाऊन आवडतें फळ सोडलें तर तें जन्मभर तोंडांत घालावयाचें नाहीं. पंढरीची माळ गळ्यांत पडली कीं मद्यमांस त्याच दिवशीं सुटलें. आज अर्धा पेला आणि उद्यां पाव, असें करीत झालेला माळकरी कोणीं पाहिला आहे? या समजुतींत थोर अंश आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. संकल्पाला तिथि असली म्हणजे त्याला बळ येतें. पण झोपेच्या गोळीच्या बाबतींत हा वीराचा मार्ग घातक आहे. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनीं बारा वर्षांची गोळी एका गुढीपाडव्यास केराच्या टोपलींत टाकिली. पांचव्या दिवशीं त्यांच्या हातांत चहाची बशी ठरेना. सातव्या दिवशीं मुलानें पुन्हां गोळ्या आणून दिल्या. देह चार दिवसांत निवळला. मन निवळलें नाहीं. ज्यांनीं चाळीस वर्षें निःस्पृहपणें नोकरी केली ते गृहस्थ त्या दिवसापासून स्वतःस निश्चयहीन मानूं लागले, आणि घरच्या मंडळींनींही हळूहळू तें मान्य केलें. औषधशास्त्रांतील एका साध्या नियमावरून एका सज्जनाच्या शीलाचा निकाल लागला! हा अन्याय आम्हांस गोळीच्या दुष्परिणामांहून मोठा वाटतो.

या कामीं शौर्यापेक्षां कंजूषपणा अधिक उपयोगी आहे असें म्हटलें तर वाचकांस हसूं येईल. न्यूकॅसल येथें प्राध्यापिका हेदर अ‍ॅश्टन यांनीं १९८२ ते १९९४ पर्यंत अशा रुग्णांसाठींच एक चिकित्सालय चालविलें. त्यांची रीत अशी: शरीरांतून लवकर निघून जाणाऱ्या गोळीच्या जागीं सावकाश जाणारें डायझेपाम आणावें, एक-दोन आठवड्यांनीं चालू मात्रेचा सुमारें दहावा भाग कमी करावा, त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबावें, आणि वेग रुग्णानेंच ठरवावा. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हें होण्यास महिने लागतात, कधीं वर्षाहून अधिक. गोळीचे सुरीनें पाव-पाव तुकडे करणें, ते मोजणें, वहींत टिपणें, यांत महाकाव्याला विषय नाहीं. पण थोडें कमी घेऊन त्यावर समाधान मानणें, आणि थांबलों म्हणजे हरलों असें न समजणें, हा धैर्याचाच एक प्रकार आहे. आपल्या पुराणांत त्याला नायक मिळाला नाहीं इतकेंच.

अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रांत असा एक दाखला आहे कीं, हातांतून सुटलेला दगड परत घेतां येत नाहीं, तरी तो फेकणें आपल्या हातीं होतें, म्हणून जबाबदारी आपली. संवयींनाही तो हाच न्याय लावितो. पण येथें दगड कोणीं फेकला? चिठ्ठी लिहिणाऱ्यानें गोळी केव्हां थांबवावी हें सांगितलें नाहीं. दुकानदारानें जुनीच चिठ्ठी पाहून, कधीं तीही न पाहतां, गोळ्या दिल्या. आपल्याकडे २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम इत्यादि औषधें एच-वन परिशिष्टांत आहेत. विकतांना रुग्णाचें व डॉक्टरांचें नांव नोंदवून ती वही तीन वर्षें जपावी असा नियम आहे. नियम चांगला आहे. रिकामें पाकीट दाखवून गोळ्या नेणारें गिऱ्हाईक आम्हीं त्यानंतरही पाहिलेलें आहे. अशा स्थितींत सारा दोष उशीवर डोकें ठेवणाऱ्याच्या माथीं मारणें हा न्याय नव्हे, सोय आहे.

मग सोडणें हें कर्तव्य तरी आहे काय? मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधांत, स्वतःस गुलाम म्हणून विकण्याचें स्वातंत्र्य मनुष्यास नाहीं, असें प्रतिपादिलें आहे. त्याचा आधार घेऊन कोणी म्हणेल, गोळीचें दास्यही तसेंच. आम्हांस हें जसेंच्या तसें पटत नाहीं. चष्मा लावणारा चष्म्याचा दास नव्हे. मधुमेही इन्शुलिनचा दास नव्हे. अवलंबन हाच दोष असता तर काठी टेकणारे सर्व वृद्ध दोषी ठरते. फरक इतकाच कीं, चष्मा आपली गरज आपणच निर्माण करीत नाहीं, गोळी करिते. शिवाय उतारवयांत तिची किंमत वाढते: रात्रीं उठतांना तोल जाणें, हाड मोडणें, स्मरण मंदावणें. तरी ऐंशी वर्षांच्या एखाद्या आजीबाईंनीं सर्व समजून 'मला आतां हा खटाटोप नको' म्हटलें, तर त्यांच्यावर सक्ति करण्याचा अधिकार आम्ही कोणासही देणार नाहीं. 'सर्व समजून' या दोन शब्दांवर मात्र आमचा भर आहे. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत पासष्टीच्या पुढील ३०३ लोकांवर केलेला एक प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस गोळीचे धोके व ती हळूहळू कमी करण्याची रीत सांगणारी पुस्तिका दिली, त्यांपैकीं शेंकडा २७ जणांनीं सहा महिन्यांत गोळी सोडली. ज्यांस ती अद्याप दिली नव्हती त्यांपैकीं शेंकडा ५ जणांनीं. उपदेश नाहीं, शपथ नाहीं, एक पुस्तिका. इतकीं वर्षें या लोकांत शीलाची वाण होती, कीं त्यांना कोणीं सांगितलेंच नव्हतें? आणि उरलेले त्र्याहत्तर दुबळे होते असेंही यावरून निघत नाहीं.

निद्रेचा स्वभावच संकल्पास बुचकळ्यांत टाकणारा आहे. पतंजलीनें तिला चित्ताच्या पांच वृत्तींत गणिलें, चरकानें शरीराच्या तीन उपस्तंभांत. पण आज्ञा केल्यानें ती येत नाहीं. संकल्प पहारा करीत असेतों ती दाराबाहेरच उभी. औषधावांचून करावयाच्या ज्या चिकित्सेला अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें २०१६ सालीं पहिलें स्थान दिलें, तींत म्हणूनच दिवसावर हुकूमत चालवावयाची असते: रात्र कशीही गेली तरी ठरल्या वेळीं उठणें, झोप नसतां अंथरुणांत न लोळणें, बिछान्यांतील एकंदर वेळ आंखडणें. दुपारची वामकुक्षीही सोडावी लागते. महाराष्ट्रीय गृहस्थास हा त्याग गोळीच्या त्यागाहून अवघड जाईल अशी आमची भीति आहे.

घरच्यांनीं काय करावें हें थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. रोज सकाळीं 'झोप लागली का?' असें विचारूं नये. प्रश्न प्रेमाचा असला तरी ऐकणाऱ्यास तो परीक्षेच्या निकालासारखा वाटतो, आणि त्या निकालाच्या धास्तीनें पुढची रात्र जाते. तीन वाजतां माजघरांत दिवा दिसला व मनुष्य वाचीत बसलेला दिसला, तर त्याला वाचूं द्यावें. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या पत्नीनें पुढें हें आपण होऊन ओळखलें. दुसऱ्या खेपेस, डॉक्टरांच्या सल्ल्यानें, आठ महिन्यांत त्यांची गोळी निम्म्यावर आली. आषाढापासून ते त्याच पायरीवर थांबले आहेत, आणि पुढें जावयाचें कीं नाहीं हें त्यांनीं अद्याप ठरविलेलें नाहीं.