कशात मोठं?

कापूस वेचणीचे दिवस आले की आमच्या अंगणवाडीत पोरं कमी व्हायची. माय रानात, अन् पाच वर्षांची बहीण धाकट्याला राखायला घरी. ज्या पोरी यायच्या, त्या भावाला कडेवर घेऊनच. आमचं गाव सेलूजवळचं. चहूकडं काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर.

लहान-मोठं शिकवायला साहित्य विकत आणायची गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा गावात सापडणाऱ्या वस्तूच साधन म्हणून वापरल्या. मीही तेच करायची. सरकी, चिंचोका, दुधना नदीतला गोटा. एका घरातून जुनी मापं मागून आणली : चिपटं, मापटं, शेर. मापटं चिपट्याजवळ ठेवलं की पोरं ओरडायची, "मोठं!" तेच शेराजवळ ठेवलं की, "लहान!"

एका पोरानं विचारलं, "बाई, मंग हे नेमकं हाय कसं?"

मी म्हटलं, "एकटं असलं तर ना लहान, ना मोठं. कशापेक्षा, ते आधी विचारायचं."

हे शिकवणारी मीच एकदा चुकले. एका बहीणभावाला पाठीला पाठ लावून उभं केलं. भाऊ दोन बोटं उंच भरला. "सांगा, कोण मोठं?" पोरांनी भावाचं नाव घेतलं. मी मान डोलावली.

बहीण म्हणाली, "नाय बाई, मी मोठी हाय. ह्याला मीच राखते."

मी म्हटलं, "अगं, उंचीनं बघ ना." ती गप्प बसली. त्या दिवशी पुन्हा बोललीच नाही.

रात्री ते मनातून जाईना. आपल्या भाषेत 'मोठं' एकच शब्द. वयाला तोच, उंचीला तोच, अन् पैसेवाल्या घरालाही तोच. मी विचारलं एक, मोजलं दुसरं, आणि चूक मात्र तिच्या पदरात टाकली. अंगणवाडीच्या वहीत तिचं वजन महिनोन्‌महिने तिथंच अडकलेलं, हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. घरात दूध आधी कुणाच्या वाटीत पडतं, हेही मला ठाऊक होतं. म्हणजे जे तिला मिळालं नाही, त्याच्यावरूनच मी तिला लहान ठरवलं.

दुसऱ्या दिवशी टोपलीभर कापूस आणि एक गोटा पुढं ठेवला. "मोठं काय?" "कापूस!" "जड काय?" एकेकानं उचलून पाहिलं. "गोटा!"

मग त्या पोरीला जवळ बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, "काल बाई चुकल्या. उंचीनं हा मोठा, वयानं ही मोठी."

ती लाजली, अन् भावाच्या शर्टाचं बटण लावू लागली.

त्यानंतर वस्तू कितीही मोजल्या, पण दोन लेकरं पाठीला पाठ लावून कधी उभी केली नाहीत. मोजणं वाईट नाही. पण माणसाला मोठं-लहान म्हणताना 'कशात?' हे आधी विचारायला हवं, आणि ते पोरांच्या आधी आपण शिकायला हवं.