सांध्यांतील काळिमा

शास्त्रवाचन : लेवीय १४:३३-५३



बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. पोटापाण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे तेथे भाड्याच्या घरांत राहतात. त्या शहरी जूनपासून नैर्ऋत्येचा पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा. न्हाणीघराचा झरोका लहान असला की टाइलींच्या सांध्यांत काळी बुरशी धरते. कोकणातील वाचकांना हे नवे नाही.

गृहिणी ब्लीचिंगचे द्रावण ओतते आणि सांधे पांढरे दिसू लागतात. थोड्याच दिवसांत काळिमा परत येतो. कारण सांध्यातील सिमेंट सच्छिद्र असते. रंग उडतो, पण आतील ओल तशीच राहते. कोणी उतावीळपणे ब्लीचमध्ये ॲसिड मिसळतो, तेव्हा विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. शिवाय ॲसिड सिमेंटलाच खाते.

लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात देवाने अशाच घराविषयी नियम दिला आहे. जुन्या मराठी भाषांतरातील ‘महारोग’ हा शब्द वाचून आपण थबकतो, कारण भिंतीला महारोग कसा होईल? मूळ इब्री शब्द ‘त्साराअत’ हा मनुष्याची त्वचा, वस्त्र आणि घर या तिहींसाठी योजलेला आहे. भिंतीच्या बाबतीत त्याचा अर्थ बुरशीसारखा पसरणारा दोष असा घेणे सयुक्तिक ठरते. तो हिरवट वा तांबूस असून पृष्ठभागाहून खोल गेलेला दिसे.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, याजक घरोघर दोष शोधीत फिरत नाही. घरधन्याने स्वतः जाऊन सांगावयाचे असते. दुसरी, तपासणीपूर्वी घर रिकामे करविले जाते, म्हणजे आतील वस्तू अशुद्ध ठरू नयेत. देवाला गरिबाच्या भांड्याकुंड्यांचीही काळजी आहे! तिसरी, घर लगेच पाडीत नाहीत. सात दिवस ते बंद ठेवतात. दोष पसरला असेल तर दूषित दगड काढून, भिंती खरवडून नवा गिलावा देतात. एवढे करूनही तो उलटला, तरच घर पाडावयाचे.

न्हाणीघरातील बुरशी हे कोणाच्या पापाचे चिन्ह नव्हे, ते ओलीचे चिन्ह आहे. गळती थांबवावी, वारा खेळू द्यावा, कुजलेला सांधा खरवडून नव्याने भरावा, एवढाच त्यावर उपाय. परंतु आपल्या संसाराचे सांधे कसे आहेत? भावाभावांत जमिनीवरून अबोला आहे, पतीचे व्यसन पत्नी झाकीत आहे, आणि रविवारी आपण सारे शुभ्र वस्त्रांत उपासनेला बसतो. चुना लावलेल्या कबरांविषयी प्रभू येशू बोलला (मत्तय २३:२७), तो याच पांढरेपणाविषयी. पश्चात्ताप म्हणजे डाग फिका करणे नव्हे. ओल कोठून येते ते देवापुढे, आणि ज्याला दुखविले त्याच्यापुढे, उघड बोलणे होय. हे काम रागाच्या ॲसिडने करू नका. त्याने नातेच झिजते.

शुद्ध ठरलेल्या घरासाठी दोन पक्षी आणीत. एकाचा वध होई. दुसरा मोकळ्या रानात सोडला जाई. एकाचे रक्त सांडले आणि दुसरा मुक्त झाला, यात आपणांस वधस्तंभ दिसतो. त्या विधीतील एजोबच दावीद एक्कावन्नाव्या स्तोत्रात स्वतःच्या अंतःकरणासाठी मागतो.

हे प्रभो, आमच्या घरी ये. जे आम्ही झाकले ते सांगण्याचे धैर्य दे, आणि आम्हांला खोलवर शुद्ध कर. आमेन.