गवई कधी येणार?

सांगलीतल्या एका मित्राच्या घरी आम्ही काही जण ‘द एनआयडी टेप्स’ हा संग्रह ऐकत बसलो होतो. त्यात एक निवृत्त संगीतशिक्षक होते. बराच वेळ डोळे मिटून ऐकल्यावर त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, “आस छान धरलीय, पण गवई कधी येणार?” कुणी हसलं नाही, कारण सरांना खरोखरच उत्तर हवं होतं. तो प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

हा संग्रह २०२३ साली बाहेर आला. त्यातलं संगीत मात्र १९६९ ते १९७२ या काळातलं, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) घडलेलं. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये तिथे मूग सिंथेसायझर आणि ध्वनिफितींचा स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. काही वर्षांत स्टुडिओ बंद पडला आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या, म्हणून आपल्याला त्या आज ऐकायला मिळतात. मधली जवळजवळ पन्नास वर्षं भारतात असं काही झालं होतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. मला याचं दुःख होतं.

या फिती ऐकताना आठवतं ते ॲम्बिएंट संगीत म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगायला नको. योगवर्गात आणि झोपेच्या ॲपमध्ये ते पोचलेलं आहे. लक्ष दिलं तर गुंतवील आणि नाही दिलं तर अडवणार नाही असं संगीत हवं, ही ब्रायन ईनो यांची १९७८ सालची मांडणीही जाणकारांना पाठ आहे.

सरांना उत्तर म्हणून मी आधी वंशावळ मांडली. ईनोंवर प्रभाव अमेरिकन संगीतकार ला माँट यंग यांचा. यंग १९७० पासून पंडित प्राणनाथांचे शिष्य. प्राणनाथ उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकलेले, म्हणजे किराणा घराण्याचे. आणि किराणा म्हटलं की मिरज आलीच. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये प्रवासात वारले, तरी त्यांचं दफन मिरजेतच झालं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तेव्हा यंग यांच्या न्यूयॉर्कच्या माडीवर तासन्‌तास चालणारा तो एकच एक स्वर आपल्या कृष्णाकाठचा पाहुणा आहे, असं मी सरांना म्हणालो.

सर खूश झाले. “मग झालं तर! आपल्याकडे हे आधीच होतं. त्यांनी फक्त गवई काढून टाकला.”

इथे मला थांबावं लागलं. माझ्याच युक्तिवादाचा हा निष्कर्ष मला मान्य होईना.

आवाजांकडे पाहताना मी एक भेद नेहमी करतो. काही आवाज जागा देतात, काही अडवतात. मिरवणुकीतला डॉल्बी अडवतो, छातीत शिरून बसतो, त्याच्यासमोर दुसऱ्या कशालाच वाव उरत नाही. तानपुरा जागा देतो. चार तारा, एकामागून एक, सावकाश. पण मोठा आवाज अडवतो आणि बारीक आवाज जागा देतो, असं हे सोपं नाही. दुकानांतून दिवसभर चालणारी मुळमुळीत बासरी अगदी बारीक असते, तरीही ती अडवतेच.

साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्यानं वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. पवनचक्क्यांचं रानच आहे ते. पावसाळ्यात धुकं असलं की चक्की दिसत नाही, फक्त पातं खाली येतानाचा भारदस्त सुस्कारा ऐकू येतो. एक विरतो तोवर दुसरीकडून दुसरा येतो. त्यांची लय एक नसते, त्या जवळ येतात, एकमेकींना गाठतात, पुन्हा सुटतात. पठारावर गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, याचा त्रास होत नाही का? ते म्हणाले, “चक्क्या थांबल्या की कळतंय, वारा पडला.” मला त्या आवाजाजवळ तासभर उभं राहावंसं वाटतं. तो कुणासाठी केलेला नाही, कुणाच्या गाण्याची त्याला वाट नाही, तरी तो जागा देतो. सरांच्या विधानाला पहिला तडा मला त्या पठारावर दिसला. जागा देणाऱ्या प्रत्येक आवाजाला गवई लागतोच असं नाही.

सरांचा दुसरा मुद्दा यंत्राचा होता. यंत्राला जीव नसतो, त्यांचं म्हणणं. यावर मी त्यांच्याशी फार भांडलो नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यानं, आणि नंतर मोबाइलमधल्या तानपुऱ्यानं, मिरजेच्या कारागिरांचा घास हिरावला हे उघड आहे आणि ते दुःख खरं आहे. पण त्याच यंत्रामुळे गावोगावच्या, दोन खोल्यांच्या घरातल्या मुलींना रियाजाला स्वर मिळाला, हेही तितकंच खरं. शिवाय नक्कल करणारं यंत्र आणि स्वतःचा आवाज शोधणारं यंत्र यांत अंतर आहे. अहमदाबादेत दुसऱ्या प्रकारचं काम झालं.

आणि हाच तो मुद्दा, ज्यापाशी माझी वंशावळ मला नकोशी झाली. माथुरांच्या एका रचनेच्या नावातच तानपुरा आहे, हे खरं. पण जोशीपुरांच्या ‘स्पेस लायनर २००१’ चं काय? वास्तुकलेच्या त्या तरुण विद्यार्थ्याला अंतराळप्रवास ऐकायचा होता, त्याला किराण्याशी कर्तव्य नव्हतं. गीता साराभाई स्वतः पखवाज शिकलेल्या, त्या काळात बाईनं पखवाजावर हात ठेवणं हीच बंडखोरी. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना आपलं संगीत शिकवलं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य काउंटरपॉइंट शिकल्या. संगीतानं मन निवतं, हा साराभाईंच्या गुरूंचा विचार केज यांनी जन्मभर सांभाळला. अशी बाई मूगसमोर बसते ती परंपरेचा पुरावा जमवायला नव्हे. या लोकांना ‘आपल्याकडे आधीच होतं’ या पेटाऱ्यात घालणं म्हणजे त्यांचं न ऐकणंच आहे. पन्नास वर्षं फिती कपाटात राहिल्या. त्या बाहेर आल्यावर आपण त्यांना कौतुकाच्या दुसऱ्या कपाटात ठेवू नये.

हे मनात स्पष्ट झालं आणि मग तानपुराही निराळा दिसू लागला. आपण म्हणतो, तानपुरा गवयासाठी. पण खर्जाची तार नीट जुळली की त्यातून गांधार निघतो, जो कुणी लावलेला नसतो. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशांचा, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा, स्थिर बिंदू असतो ते स्वरांश उमटू नयेत, असा तारवाद्यांचा नियम सांगतात. तानपुरा तो मोडतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याचं कारण घोडीच्या घडणीत दाखवलं. तार त्या पसरट, किंचित बाकदार घोडीला घासत थरथरते, खाली सुताचा धागा सरकवून कारागीर तिला खुली करतो. हीच जवारी. घोडी कानसून, तार छेडून, पुन्हा कानसून ती साधावी लागते. सुमारे १८५० पासून मिरजेत हे काम चालू आहे, फरीदसाहेब सतारमेकरांपासून. हत्यारं घडवणाऱ्यांचे हात तेव्हा भोपळ्याकडे आणि तुणीच्या लाकडाकडे वळले. इतकी मेहनत घेऊन ज्याच्या पोटी न लावलेले स्वर जन्माला घातले, ते वाद्य केवळ दुसऱ्या कुणाची वाट पाहत बसलेलं असेल, हे मला पटत नाही. तानपुरा स्वतःच पूर्ण संगीत आहे. गवई त्यावर येतो तो पाहुणा म्हणून.

सरांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, “असं म्हणू नकोस बाबा.” त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. ज्यांचं आयुष्य कंठाच्या साधनेत गेलं त्यांना हे ऐकणं जड जाणारच, आणि त्यांचं मन मला मोडायचं नाही. माझं मत मात्र बदललं नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नावाचं रक्षण झालं, चांगलंच झालं. आवाजाचं रक्षण राहिलं आहे. साताऱ्या-सांगलीतल्या ज्या मुलामुलींकडे बरा मायक्रोफोन आहे आणि संगणकावर आवाजाशी खेळायची हौस आहे, त्यांना माझी विनंती आहे. सतारमेकर गल्लीत जा. एकेका कारागिराचा एकेक तानपुरा, कच्च्या जवारीपासून पक्क्या जवारीपर्यंत, पूर्ण वेळ ध्वनिमुद्रित करा. कानशीचा आवाजही राहू द्या. ध्वनिमुद्रणाआधी कारागिरांना विचारा, मोबदला ठरवा, आणि संग्रहावर पहिलं नाव त्यांचं घाला.